एक पाऊल बाजूला

टायबर नदीच्या पलीकडच्या काठावर, रोमच्या त्रास्तेवेरे भागात, अगोस्तिनो कीजी नावाच्या सावकाराने सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घर बांधायला काढलं. कीजी मूळचा सिएना गावचा. तोल्फाच्या डोंगरातल्या तुरटीच्या खाणी त्याच्या ताब्यात होत्या. कापडावर रंग पक्का बसायचा तर तुरटी लागते, त्यामुळे युरोपभरच्या रंगाऱ्यांचा पैसा फिरून फिरून त्याच्या पेढीत येई. त्याच्याकडून पोप कर्ज घेत, राजेही घेत.

या घरातल्या मेजवानीची एक गोष्ट रोममध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. जेवणं नदीकाठी झाली, आणि प्रत्येक वाढणीनंतर नोकरांनी चांदीच्या ताटल्या उचलून थेट टायबरमध्ये भिरकावल्या. पाहुणे थक्क झाले. एवढी चांदी पाण्यात टाकून जो पुढचं पक्वान्न वाढायला सांगतो, त्याच्या श्रीमंतीला तळ असेल का! पाण्याखाली जाळी लावून ठेवली होती. पाहुणे गेल्यावर ती वर ओढली आणि ताटल्या धुऊन पुन्हा कपाटात गेल्या.

हे घर उभारणारा बाल्दास्सारे पेरुत्सी हाही सिएनाचाच. तो वास्तू रचायचा आणि चित्रंही काढायचा. घरात राफाएलने रंगवलेली चित्रं आहेत, त्यामुळे येणाऱ्यांची पावलं आधी तिकडे वळतात. माझी मात्र वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनाकडे वळतात. ते पेरुत्सीने 1518 च्या सुमारास रंगवलं.

त्या दालनाच्या दोन्ही टोकांना भिंत आहे, पण आत पाऊल टाकणाऱ्याला ती दिसत नाही. त्याला संगमरवरी खांबांची ओळ दिसते, खांबांमधून कठडा दिसतो. कठड्यापलीकडे रोमची घरं, मनोरे, त्याहून लांब झाडं, टेकड्या, आणि सगळ्यावर उघडं आकाश. पायाखालची खरी फरशी भिंतीपाशी थांबते. तिच्या रेषा चित्रातल्या फरशीत अशा मिसळतात, की आपण सरळ चालत सज्जात जाऊ असं वाटतं. खांब रंगाचे, कठडा रंगाचा. ऊन आणि सावली, तीही रंगाचीच.

आता कथेपुरता एक मुलगा घेऊ. बारा वर्षांचा, बिननावाचा, कारण असल्या मुलांची नावं कोणी लिहून ठेवत नाही. चुना चाळायचा, वाळू धुवायची, गिलाव्याच्या बादल्या जिना चढून वर पोचवायच्या, हे त्याचं काम. ओल्या गिलाव्यावरच्या चित्राला घाई असते. सकाळी दिवसभरात रंगवून होईल एवढाच तुकडा लिंपायचा, आणि तो ओला आहे तोवर पाण्यात कालवलेला रंग त्यावर चढवायचा. चुना वाळताना रंगाला आपल्यात धरून ठेवतो. उशीर झाला तर रंग वरच्यावर राहतो आणि पुढे झडतो. म्हणून मुलगा दिवसभर धावत असे.

पेरुत्सी भिंतीत एक खिळा ठोके, त्याला दोरी बांधे आणि दोरी ताणून रेषा मारे. कठड्याची कड, खांबांच्या बैठका, फरशीचे सांधे, सगळ्यांच्या रेषा त्या एका खिळ्याकडे धावत. मुलाला त्यातलं काही कळत नव्हतं. परांची इतकी दाट होती, की त्याला एका वेळी हातभर भिंतच दिसे. एखाद्या दिवशी खांबाचा पाय, एखाद्या दिवशी ढगाचा कोपरा.

मग परांची उतरवली. खाली अंगणात वासे रचून मुलगा उरलेली बादली घेऊन वर आला. दारातून आत शिरला, सरळ चालत गेला, आणि दोन खांबांच्या मधोमध बादली ठेवायला वाकला. बादली भिंतीवर आपटली. चुन्याचं पाणी त्याच्या अंगावर उडालं.

मयसभेत दुर्योधन जमिनीला पाणी समजला, पाण्याला जमीन समजून पडला, आणि तिथे हसू फुटलं. त्या हशाची किंमत पुढे कुरुक्षेत्रावर मोजावी लागली, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. पेरुत्सी हसला नाही. त्याने बादली सरळ केली आणि मुलाला दाराशी परत नेलं.

"हा गिलावा कोणी वाहिला?"

"मीच, उस्ताद."

"मग भिंत आहे हे तुला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं. पण दिसली नाही."

पेरुत्सीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला जागच्या जागी उभं केलं. "इथून बघ. काय दिसतं?"

"खांब. सरळ उभे."

"आता एक पाऊल बाजूला ये. आणखी एक. आता?"

मुलाने पाहिलं. खांब कलले होते. कठडा वाकडा झाला होता, सज्जाची फरशी कोणी एका बाजूने उचलून धरल्यासारखी तिरपी झाली होती, आणि त्या सगळ्याच्या मागे भिंत होती, सपाट, त्याने स्वतः वाहिलेल्या गिलाव्याची. तो पुन्हा पहिल्या जागी गेला. खांब सरळ. पुन्हा बाजूला आला. भिंत. त्याने हे कितीतरी वेळ केलं. त्याच्या गालावरचा चुना वाळला तरी त्याचं भान नव्हतं.

"उस्ताद, मग सगळीकडून सरळ दिसेल असं का नाही काढलं?"

"तसं काढता येत नाही. आणि आलं असतं तरी मी काढलं नसतं. माणसाला बाहेर यायला वाट ठेवली पाहिजे. जो हलेल त्याला भिंत सापडेल."

एवढ्याने मुलाचं समाधान झालं नाही. बारा वर्षांच्या पोराचं होतही नाही. पण बाजूला सरकून बघायची सवय त्याला तेव्हापासून लागली.

1519 च्या ऑगस्टमध्ये पोप दहावे लिओ यांनी स्वतः कीजीचं लग्न लावलं. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये राफाएल गेला आणि त्यापाठोपाठ काही दिवसांतच कीजीही गेला. नदीतली चांदी जाळ्यात परत आली होती. पेढीच्या नशिबात तसं नव्हतं. काही वर्षांत ती बसली, आणि पुढे घरही फार्नेसे घराण्याकडे गेलं. आज ते त्यांच्याच नावाने, फार्नेझिना म्हणून ओळखलं जातं.

पेरुत्सीचं काय झालं ते चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने नोंदवून ठेवलं आहे. मला ते वाचताना दर वेळी वाईट वाटतं. त्याने पोपांसाठी काम केलं, कार्डिनलांसाठी केलं. राफाएलनंतर सेंट पीटर चर्चच्या बांधकामाची जबाबदारी त्याच्यावर आली. नाटकासाठी त्याने रंगवलेल्या पडद्यांवर एवढ्याशा जागेत रस्ते, महाल, देवळं अशी काही उभी राहत, की लोक नाटकाइतकंच त्यांच्याबद्दल बोलत. आणि तरी त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. वासारी त्याचं कारण देतो. देणाऱ्यांचा हात आखडता होताच, पण त्याहून पेरुत्सीचा भिडस्त स्वभाव आड आला. त्याला मागता येत नव्हतं.

आपला मुलगा आता तरुण गवंडी झाला होता आणि हे रोज पाहत होता. काम संपलं की एखाद्या धनिकाचा कारभारी विचारी, "उस्ताद, आपलं किती झालं?" पेरुत्सी मान किंचित झुकवून म्हणे, "आपल्याला योग्य वाटेल ते." त्याची उंची, त्याचा शांत भारदस्त चेहरा, चालण्यातला डौल, नीट बसवलेला जुनाच झगा, हे बघून कारभाऱ्याला वाटे की या माणसाला पैशाची गरज नाही. अशा माणसाला थोडं दिलं तरी चालतं, उलट फार दिलं तर त्याचा अपमान होईल. मग तो थोडं देई. पेरुत्सी ते न मोजता खिशात टाकी आणि घरी जाई. घरी बायको होती, मुलं होती, चूल होती. त्या दारापर्यंत गेलेला फक्त गवंडी होता. कारभारी तिथवर कधी आला नाही.

1527 च्या मे महिन्यात सम्राट पाचव्या चार्ल्सची फौज रोमवर चालून आली. तिच्यात जर्मन भाडोत्री होते, स्पॅनिश शिपाई होते, आणि कित्येक महिन्यांचा पगार थकलेला होता. त्यांचा सेनापती, बूर्बोंचा ड्यूक शार्ल, 6 मेच्या सकाळी तटावर चढताना गोळी लागून मेला. मग फौजेला आवरणारं कोणी उरलं नाही. थकलेला पगार तिने शहराकडून वसूल केला. पोप सातवे क्लेमेंट सांत आंजेलोच्या किल्ल्यात जाऊन बसले.

पेरुत्सी स्पॅनिश शिपायांच्या हाती सापडला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना तेच दिसलं जे कारभाऱ्यांना दिसत आलं होतं. उंच, शांत, खानदानी माणूस. हा कोणी मोठा धर्माधिकारी असणार, वेष पालटून पळतोय, याच्या सुटकेचे भरपूर पैसे मिळतील. त्यांनी त्याचं असेल नसेल ते घेतलं, आणि मग नसलेलं मिळवण्यासाठी त्याला छळलं. तो जितका गप्प राही तितका तो त्यांना अधिक श्रीमंत वाटे.

इथे आपला गवंडी पुन्हा कथेत येतो. त्याच खोलीत त्यालाही डांबलं होतं, पण त्याच्याकडून कोणी काही मागत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून कोणाला काही अपेक्षा नव्हती. तो कोपऱ्यात बसून उस्तादचा छळ बघत होता. शेवटी त्याच्याने राहवलं नाही.

"अहो, तोंडाकडे काय बघता? इकडे या. या बाजूने या आणि हात बघा."

एक शिपाई आला. त्याने पेरुत्सीची मूठ उलगडली. बोटांची पेरं चुन्याने फुटलेली होती. नखांच्या कडांत रंग मुरला होता. अंगठ्याच्या बेचक्यात ताणलेल्या दोरीचा घट्टा होता.

"बिशपाचे हात असे असतात?" गवंड्याने विचारलं. "हा भिंती रंगवतो. रोजचं आणून रोज खातो. माझ्यापेक्षा याच्याकडे जास्त काही नाही, आणि माझ्याकडे काहीच नाही."

हात पाहिल्यावर ते बिशपाला विसरले. चित्रकार आहे म्हटल्यावर त्यांच्यातल्या एकाने, बूर्बोंवर जीव असलेल्याने, मेलेल्या सेनापतीचं चित्र काढून मागितलं. ज्याच्या फौजेने शहर धुळीला मिळवलं त्याचा चेहरा पेरुत्सीने काढून दिला, तेव्हा कुठे सुटका झाली. ही मागणी आणि ही सुटका वासारीने नोंदवली आहे. पुढचंही त्याचंच. पेरुत्सी जहाजात बसून पोर्तो एर्कोलेला जायला निघाला, तिथून सिएनाला. वाटेत त्याला पुन्हा लुटलं, आणि आपल्या जन्मगावात तो शिरला तेव्हा त्याच्या अंगात फक्त सदरा होता.

सिएनात मित्रांनी त्याला कपडे दिले, गावाने त्याला तटबंदीच्या कामावर पगारी नेमलं. मला वाटतं, त्याच्या उभ्या आयुष्यात त्याची गरज लोकांना एकदाच स्पष्ट दिसली, ती त्या दिवशी, कारण ती झाकायला अंगावर काही उरलं नव्हतं. शिपायांनी त्याला श्रीमंत समजून जास्त मागितलं, कारभाऱ्यांनी श्रीमंत समजून कमी दिलं. दोघे एकाच जागी उभे राहून बघत होते.

पुढे तो रोमला परतला. लुटीत मास्सिमो घराण्याचं घर गेलं होतं. ते त्याने नव्याने रचलं, रस्ता वळतो तशी दर्शनी भिंत वळवून. ती आजही उभी आहे. हे काम पुरतं होण्याआधी तो आजारी पडला. तेव्हा पोप तिसरे पॉल यांना जाग आली, आणि त्यांनी शंभर स्कूदी पाठवून प्रेमाचे निरोप दिले. 1536 च्या जानेवारीत तो गेला. त्याला पॅन्थिऑनमध्ये राफाएलजवळ पुरलं. सगळे चित्रकार, शिल्पी, वास्तुकार लोटले होते. त्याच्या टिपणांतून आणि रेखाटनांतून शिष्य सेर्लियोने वास्तुविद्येची पुस्तकं सजवली. ती देशोदेशी वाचली गेली, आणि आपण कोणाकडून शिकलो ते त्याने पुस्तकात मोकळेपणी लिहिलं.

गवंडी कीजीच्या त्या घरात डागडुजीला जात राहिला. वरच्या दालनात फौजेने मुक्काम केल्याच्या खुणा होत्या. एका जर्मन शिपायाने रंगवलेल्या खांबांच्या मधोमध 1528 साल कोरलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की आपल्या लोकांनी पोपला पळायला लावलं, मग मी का हसू नये. ज्या आकाशाकडे बघून लोकांना लांबवरचा वारा लागल्यासारखं वाटे, त्यावर सुरीचं टोक सहज पोचलं होतं. ओरखड्यातून पांढरा चुना दिसत होता. बुजवू का, असं गवंड्याने विचारलं नाही आणि बुजवलाही नाही. ती अक्षरं अजून तिथे आहेत.

1545 मध्ये व्हेनिसहून चित्रकार टिशियन रोमला आला. तोवर त्याच्या नावाला सगळ्या इटलीत मान होता. वासारी त्याला शहर दाखवत होता. या घरात आल्यावर ते तळमजल्यावरच्या बागेकडच्या पडवीत थांबले. तिथल्या छताची सजावट पेरुत्सीचीच. चुन्यात उठवून काढलेल्या नक्षीसारख्या चौकटी आणि कंगोरे, सगळे नुसत्या रंगाने केलेले. वासारीने सांगितलं की ही चित्रकला आहे. टिशियनने मानलं नाही. वासारी पुन्हा म्हणाला, तो पुन्हा नाही म्हणाला. आयुष्यभर कापडावर मखमल आणि मांस उभं करणारा माणूस, आणि त्याचे स्वतःचे डोळे त्याला सांगत होते की ही नक्षी हाताला लागेल.

मग तो जागेवरून हलला.

दुसऱ्या बाजूने पाहिल्यावर कंगोरे सपाट झाले. त्याला राग आला नाही. तो आश्चर्याने बघत राहिला, असं वासारी लिहितो. एवढ्या नावाच्या माणसाने आधी ठामपणे नाही म्हणून मग सर्वांदेखत बाजूला सरकावं, याचं मला फार मोल वाटतं. आपण पुष्कळदा पहिल्या जागीच पाय रोवतो, आणि नंतर तेच आपलं मत होतं.

पडवीच्या कोपऱ्यात गवंडी गिलावा कालवत होता. टिशियन हलला तेव्हा त्याचा हात थांबला. उस्तादला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

त्याच आठवड्यात एका कापड व्यापाऱ्याचा निरोप आला. त्याने नवं घर घेतलं होतं. जेवणाच्या खोलीची एक भिंत अंधारी होती, तिच्यावर खांब आणि बाग रंगवून हवी होती, त्या तुरटीवाल्याच्या घरी आहे तशी. गवंडी आता रंगही करत असे. तो आपल्या हाताखालच्या पोराला घेऊन गेला. खोली पाहिली. खिडकीतून ऊन कुठून येतं ते पाहिलं, म्हणजे चित्रातल्या सावल्या त्याच बाजूला पाडता येतील. दार कुठे आहे, घरचे लोक कुठून आत येतात, मालक कुठे बसतो, तेही विचारलं. मग भिंतीवर हात फिरवला.

"ओल आहे. आधी जुना गिलावा उतरवावा लागेल."

"उतरवा. माझी हरकत नाही," व्यापारी म्हणाला. गवंड्याच्या अंगावर त्या दिवशी धुतलेला झगा होता, आणि बोलण्यात उस्तादचा शांतपणा उतरला होता. व्यापाऱ्याने त्याला खालपासून वर पाहिलं. "पैशाचं आपण नंतर बघू. तुमच्यासारख्या माणसाशी काय घासाघीस करायची? माझ्या मनाला येईल ते देईन, आणि चांगलं देईन."

हाताखालच्या पोराने मान डोलावली. त्याला ते बोलणं फार मोठेपणाचं वाटलं.

"मालक," गवंडी म्हणाला, "जरा इकडे, उजेडात या." व्यापारी आला. गवंड्याने दोन्ही हात उघडून त्याच्यापुढे धरले. "झगा बायकोने आज धुतलाय म्हणून बरा दिसतो. घरी पाच तोंडं आहेत. चुना, वाळू आणि रंग मिळून निम्मे पैसे कामाआधी लागतील. उरलेल्यातला अर्धा भाग परांची उतरल्यावर, आणि शेवटचा तुम्ही दाराशी उभं राहून आणि मग चार पावलं बाजूला सरकून काम बघाल तेव्हा. या पोराचा रोज वेगळा. तो मी माझ्यातून देणार नाही, तुम्ही द्यायचा."

आणि त्याने आकडा सांगितला.

व्यापारी थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग त्याने वहीवाल्याला हाक मारली.